बोनेटवरचे टवके : रंग कच्चा आहे की रस्ता वाईट?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी १४ महिन्यांची, गडद निळी मेटॅलिक, दर शुक्रवारी पुणे ते कोल्हापूर आणि रविवारी रात्री परत. बोनेटच्या पुढच्या कडेला २०-२५ टवके, बंपरवरचे तर तुम्ही मोजायचेच सोडलेत, शिवाय ड्रायव्हरच्या दाराखाली पट्टीवर पण आहेत. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात वॉरंटीत बसत नाही, बोनेट रिपेंट करा आणि वरून सिरॅमिक कोटिंग मारून घ्या, आणि मित्रमंडळी म्हणतात की हल्लीच्या गाड्यांचा रंगच पातळ.

मी कराडजवळ २२ वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, म्हणजे तुमच्याच रस्त्यावर माझं पोट चालतं असं म्हटलं तरी हरकत नाही. तर माझं पहिलं सांगणं, बोनेट रंगवू नका. धंद्याच्या दृष्टीने मी हे बोलायला नको खरं तर, पण आता का ते सांगतो, जरा लांबेल.

आमच्याकडे असं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच असतो, टवका उडालाय का पोपडा सुटलाय? दोन्हीत फरक आहे आणि सगळा निकाल त्यावरच लागतो. टवका म्हणजे दगड लागून उडालेला, मोहरीएवढा किंवा फार तर मुगाएवढा, मध्ये खड्डा आणि कड घट्ट, नख घातलं तरी आजूबाजूचा रंग हलत नाही. आणि तो गाडीच्या तोंडालाच असतो, बंपर, बोनेटची कड, आरशांची पाठ, काचेच्या वरची छताची धार. पोपडा म्हणजे रंगाने खालची पकड सोडलीय, कडेखाली नख शिरतं आणि पापुद्रा उचलला जातो, जुन्या भिंतीचा निघतो तसा. हा छतावर निघतो, डिकीवर निघतो, जिथे दगड लागायचा संबंधच नाही तिथे निघतो.

घरी तपासायचं असेल तर गाडी धुवून पूर्ण कोरडी करा, सावलीत गार होऊ द्या, मग एखाद्या टवक्यावर चांगला चिकट पॅकिंग टेप अंगठ्याने दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपला काहीच आलं नाही तर रंग पक्का आहे, टवका फक्त दगडाचा. टेपसोबत आजूबाजूचा रंग निघून आला आणि टवक्याचा रुपया झाला तर मात्र भांडायला जागा आहे, व्हिडिओ काढून ठेवा. (आधी कुठे रिपेंट झालेल्या भागावर हा प्रयोग नको, तिथे निघेलच.) रंगाच्या चाचण्या करतात तिथेही साधारण असंच असतं, एका यंत्रातून हवेच्या दाबाने खडी पत्र्यावर मारतात, मग टेप लावून सुटलेला रंग ओढून काढतात आणि टवके मोजतात, किती आणि केवढे.

आणि कंपनीचा रंग कधी चुकतच नाही असं अजिबात नाही बरं का. अमेरिकेत टोयोटाच्या दोन पांढऱ्या रंगांच्या गाड्यांचे असे पोपडे निघायला लागले, सुपर व्हाइट आणि ब्लिझर्ड पर्ल, कारण ऊन वरच्या थरांतून आत जाऊन खालच्या थरांची एकमेकांवरची पकड सैल करत होतं, आणि २०१९ मध्ये कंपनीने काही मॉडेलसाठी स्वतः पुन्हा रंगवून द्यायची योजना काढली. पण ते सगळं पोपड्याचं प्रकरण, टवक्याचं नाही. टवक्याला कुठलीच कंपनी वॉरंटी देत नाही, दगड बाहेरून आला म्हणतात आणि खरंच आलेला असतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत कडा घट्ट दिसतायत, त्यामुळे सर्व्हिस सेंटरवाला या एका मुद्द्यावर बरोबर आहे.

आता रंग पातळ आहे का? तर आहेच, पण तुम्ही समजता तसा नाही. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो, मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे दीड-दोन केसांची जाडी, एवढ्यावर आपण दीडशे पार्किंगवाल्यांशी भांडतो. त्यात सगळ्यात खाली ईडी कोट, पत्र्याचा सांगाडा अख्खा हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवलेला, २० मायक्रॉनच्या आसपास, आणि गंजापासून खरं वाचवणारा हाच. त्यावर सरफेसर प्रायमर म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट जो जेमतेम १५-२० मायक्रॉन असतो, आणि सगळ्यात वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर, ४० च्या आसपास. हल्ली काही कारखान्यांनी मधला सरफेसरचा वेगळा थर काढून टाकलाय, ओल्यावर ओलं मारून एकदाच भट्टीत घालतात, त्यामुळे भट्टीचा खर्च वाचतो आणि दगडाचा मार झेलणारी मधली गादीही कमी होते. वरचं क्लिअर पूर्वीपेक्षा कडक असतं, ओरखडे कमी पडावेत म्हणून, आणि कडक वस्तू वाकत नाही, तिचा टवकाच उडतो. त्यामुळे तुमच्या मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पण मग जाड मारला की झालं, असं वाटत असेल तर तसं होत नाही. माझ्याकडे मायक्रॉन मीटर आहे, रिपेंट केलेलं बोनेट २०० ते ३०० दाखवतं, खाली पुट्टी असली तर पाचशेच्या पुढे जातं, आणि असल्या बोनेटला दगड लागला की टवका मुगाएवढा नाही, वालाएवढा निघतो. कारण भट्टी. कारखान्यात नुसता पत्रा असतो, ना वायर ना काच ना रबर, म्हणून ईडी कोट १६०-१८० डिग्रीला आणि वरचा रंग १४० च्या आसपास भाजतात. तुमची गाडी माझ्या रंगाच्या बूथमध्ये येते तेव्हा तिच्यात डॅशबोर्ड आहे, वायरिंग आहे, टाकीत पेट्रोल आहे, मी ६० डिग्रीच्या वर जाऊ शकत नाही. मग तो रंग हार्डनर घालून रसायनाच्या जोरावर सुकवायचा. चांगला हार्डनर, चांगलं क्लिअर, नीट घासलेला पत्रा असेल तर रंग उत्तम टिकतो, मी माझ्या कामाला कमी लेखत नाही, पण कारखान्याच्या भट्टीची बरोबरी होत नाही ती नाहीच.

माझीच एक फजिती सांगतो. २००९ साली ऐन श्रावणात एका गिऱ्हाइकाचं काळं बोनेट रंगवलं, टवक्यांसाठीच, पंचमीला गावी जायचं म्हणून तो घाई करत होता. प्रायमर वरून सुकल्यासारखा वाटला म्हणून मी घासून त्यावर बेस मारला. दिसायला आरसा. सहा महिन्यांनी माणूस परत आला, बोनेटच्या कडेला आधी २ मिलीमीटरचे टवके होते तिथे आता पैशाएवढे गोल, आणि खाली करडा प्रायमर दिसतोय. आत थिनर कोंडून राहिलं होतं, पकड बसलीच नव्हती. फुकट करून दिलं, आणि तेव्हापासून टवक्यांसाठी चांगलं कंपनीचं बोनेट रंगवायला मी नको म्हणतो. अपघाताचं असेल, गंज पसरला असेल, तर प्रश्नच नाही, रंगवायलाच लागतं.

तर तुमच्या २५ टवक्यांचं काय करायचं? आधी एकेक टवका बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम करा किंवा पोराच्या कंपासपेटीतलं भिंग घ्या. तळाला कुठला रंग दिसतो यावर सगळं आहे. तळ निळाच पण फिका किंवा पांढुरका दिसला तर फक्त क्लिअर उडालंय, घाई नाही. तळ करडा किंवा पांढरा गुळगुळीत दिसला तर सरफेसरपर्यंत गेलंय किंवा ईडी कोट शाबूत आहे, या महिन्यात कधीतरी करा. चकचकीत पत्रा किंवा तांबूस ठिपका दिसला तर या रविवारी करा. बंपर प्लास्टिकचा आहे, तो गंजत नाही, त्याला शेवटी घ्या किंवा सोडून द्या.

कोकणात गाडी जात असेल तर अजून लवकर. चिपळूणचं एक पांढरं वाहन आहे माझ्याकडे नेहमी येणारं, मुंबई-गोवा हायवेच्या कामाच्या खडीत बोनेटला चार-पाच टवके पडले, मालक म्हणाले दिसतच नाहीत, राहू द्या. दोन पावसाळे गेले. मग एका टवक्याभोवतीचा रंग फुगल्यासारखा दिसायला लागला, मी सुईने उचलला तर खाली गंजाच्या बारीक रेघा चारी बाजूंना गेलेल्या, कोळिष्टकासारख्या, वरून रंग तसाच पांढराशुभ्र. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकासाठी शेवटी हातभर जागा पत्र्यापर्यंत घासावी लागली.

टचअप घरी होतो, आणि सर्व्हिस सेंटरच्या पोरापेक्षा तुम्हीच चांगला कराल कारण तुम्हाला घाई नाही. पेंट कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, दाराच्या खांबाला किंवा बोनेटखाली, त्या कोडची छोटी टचअप बाटली शोरूमच्या पार्ट काउंटरला किंवा ऑनलाइन मिळते. नुसतं ब्लू म्हणून घेऊ नका, एका कंपनीचे तीन निळे असतात. सकाळची वेळ, सावली, पत्रा हाताला गार लागला पाहिजे, आणि पाऊस किंवा दमट हवा नको, नाहीतर रंग सुकताना ओल धरतो आणि वर पांढुरकी झाक येते.

शाम्पूने धुवा, कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा म्हणजे जुनं वॅक्स आणि तेलकटपणा जाईल. पेट्रोलने पुसू नका, ते मागे चिकटपणा ठेवतं. कड सुटी असेल तर टूथपिकने हळूच कोरून काढा, जे निघायचंय ते आत्ताच निघू द्या. गंज असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्याच्या टोकाने फक्त खड्डा घासा, बाहेरचा चांगला रंग नाही, मग गंज काळा पाडणारं रस्ट कन्व्हर्टर मिळतं ते टूथपिकने ठिपकाभर लावा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा. पत्रा उघडा होता तिथे प्रायमरचा एक ठिपका आधी.

आता रंग. बाटलीच्या झाकणातला ब्रश वापरायचा नाही, तो टवक्याच्या चौपट जाड असतो आणि मग गाडीला गोवर आल्यासारखी दिसते. बाटली दोन मिनिटं नीट हलवा, मेटॅलिकचा चुरा तळाला बसलेला असतो, थेंबभर रंग झाकणावर काढा, टूथपिकचं टोक त्यात बुडवा आणि टवक्याच्या बरोबर मध्ये नुसतं टेकवा. पसरवू नका. रंग आपोआप कडेपर्यंत सरकतो आणि थांबतो, बघायला मजा येते खरं सांगायचं तर. पहिल्यांदा भरल्यासारखा वाटेल आणि अर्ध्या तासात खाली बसेल, कारण थिनर उडून जातं. पुन्हा एक ठिपका, पुन्हा अर्धा तास, असे दोन-तीन. एकदम भरायला गेलात तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं, माझ्या श्रावणातल्या बोनेटसारखं. शेवटी क्लिअरचा ठिपका, किंचित वर राहील इतपत.

एवढं करून थांबलात तरी चालेल. तो किंचित उंचवटा २००० च्या वॉटर पेपरने घासून सपाट करायचे व्हिडिओ आहेत भरपूर, पण आजूबाजूचं क्लिअर ४० मायक्रॉन आहे हे लक्षात ठेवा. हाताला अंदाज नसेल तर राहू द्या उंचवटा, दोन फुटांवरून दिसत नाही. करायचंच असेल तर आठवडाभर सुकू द्या, पेपरचा बोटाच्या नखाएवढा तुकडा खोडरबराला चिकटवा, साबणाचं पाणी घ्या आणि फक्त उंचवट्यावरच फिरवा, मग कंपाउंड म्हणजे चमक आणणारी पेस्ट. आणि मेटॅलिकमध्ये टूथपिकचा ठिपका थोडा गडद दिसणारच, गनने मारताना चुरा जसा आडवा बसतो तसा हाताने बसत नाही. तुम्हाला आधीच माहीत असावं म्हणून सांगितलं, नंतर मला फोटो पाठवून शेड चुकली म्हणू नका. वाटेत मोठा टवका उडाला आणि जवळ काहीच नसेल तर घरातली पारदर्शक नेलपॉलिश चार दिवस पाणी अडवायला चालते, पण चारच दिवस, नंतर ती काढून नीट टचअप करायचं.

सिरॅमिकचं बोलू. सिरॅमिक कोटिंग चांगली गोष्ट आहे, मी स्वतः करून देतो, पण तिचं काम वेगळं. तिची जाडी एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. पाणी झटकन ओघळतं, चिखल चिकटत नाही, धुवायला सोपं, चमक राहते. ८० च्या वेगात येणारी खडी एक मायक्रॉनने थांबेल का? तो ९ एच लिहिलेला असतो ना जाहिरातीत, ती पेन्सिलची मोजपट्टी आहे, म्हणजे ९ एचच्या पेन्सिलीने रेघ उठत नाही एवढाच अर्थ, हिऱ्याच्या जवळपास वगैरे जे काउंटरवर सांगतात ते सोडून द्या. टवक्यांवर उपाय म्हणून कोणी सिरॅमिक विकत असेल तर तो तुम्हाला पावसासाठी गॉगल विकतोय.

दगडाला खरोखर अडवतं ते पीपीएफ, म्हणजे पारदर्शक फिल्म. ही कल्पना मुळात अमेरिकन लष्कराची, हेलिकॉप्टरची पाती धूळ-दगडाने झिजू नयेत म्हणून. चांगली फिल्म टीपीयूची म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची असते, १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे तुमच्या अख्ख्या रंगापेक्षा जाड, आणि लवचीक, दगड लागला की दबते आणि परत येते. बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरून निघतात. आमच्या भागात पूर्ण गाडीला लाखाच्या आगेमागे जातं आणि तुम्हाला त्याची गरज नाही. बंपर, बोनेट, पुढचे फेंडर, आरशांची पाठ आणि दाराखालची पट्टी एवढंच करा, मार तिथेच बसतो. छताला आणि डिकीला फिल्म लावून दगड कुठून येणार आहे?

फिल्म घेताना दुकानदाराला टीपीयू आहे का पीव्हीसी हे तोंडावर विचारा आणि रोलचं लेबल बघा. पीव्हीसीवाली स्वस्त असते, आपल्या उन्हात वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकडे तुकडे निघतात. टीपीयूच्या नमुन्यावर पितळी ब्रशने हलकी रेघ ओढायला लावा आणि गरम पाणी ओतायला लावा, रेघ जाते का समोर दिसेल. आणि टचअप आधी, फिल्म नंतर. टवके न भरता फिल्म लावली तर प्रत्येक खड्ड्यात हवा अडकून पांढरा ठिपका दिसतो आणि गंज असला तर तो आत झाकून ठेवल्यासारखं होतं. बोनेट रंगवू नका म्हणण्याचं हेही एक कारण आहे, नव्या रंगावर महिनाभर तरी फिल्म लावता येत नाही, आणि पुढे पाच-सात वर्षांनी फिल्म काढायची वेळ आली की कारखान्याचा रंग जागेवर राहतो, रिपेंटचा फिल्मसोबत यायची भीती असते.

दाराखालच्या पट्टीचे टवके मात्र समोरच्या ट्रकचे नाहीत, तुमच्याच पुढच्या चाकाचे आहेत. तुम्ही लिहिलंय की अलॉय आणि रुंद टायर बदलून घेतले, फोटोत टायर फेंडरच्या बाहेर बोटभर आलाय. तो खडी उचलतो आणि थेट पट्टीवर मारतो. चारही चाकांना मडफ्लॅप लावा, हजाराच्या आत काम होतं, शोसाठी काढून टाकले असतील तर परत लावा.

आणि अंतर, याबद्दल कुणाला ऐकायला आवडत नाही. समोरच्या गाडीने फेकलेला दगड बहुतेक वेळा हवेत लोंबकळत असतो, त्याचा वेग कमी झालेला असतो, आपण जाऊन त्याला धडकतो. म्हणजे मार आपल्या वेगाचा. आणि मार वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे ११० केले की जवळजवळ दुप्पट. पुणे-कोल्हापूर पट्ट्यात जिथे सहा पदरीचं काम आणि सर्व्हिस रोडची वळवावळवी चालू असते तिथे रस्त्यावर कच सांडलेलीच असते, तिथे ७० वर या आणि ताडपत्री न टाकलेल्या खडीच्या डंपरमागे चिकटू नका, एक तर पटकन पुढे निघा नाहीतर शंभर मीटर मागे राहा. रविवारी रात्री तुम्ही ट्रकच्या मागे मागे त्याच्या उजेडात येता असं लिहिलंय, बोनेट तिथेच फुटलंय.

धुताना प्रेशर वॉशरचं नोझल टवक्याच्या जवळ नेऊ नका, दीड फूट तरी लांब, नाहीतर पाणी कडेखाली शिरून चांगला रंग उचलतं. वॉशिंग सेंटरच्या पोराला उभं राहून सांगा. रेक्झिनचं बोनेट कव्हर मिळतं ते घेऊ नका, आत धूळ आणि ओल अडकते आणि हायवेला ते फडफडून पॉलिश पेपरसारखं घासतं. इन्शुरन्स क्लेम तर करूच नका टवक्यांसाठी, तुमचा २० टक्के नो क्लेम बोनस जाईल, आणि बोनेटही रंगवलं जाईल, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

सध्या टचअपची बाटली, अल्कोहोल, टूथपिक आणि मडफ्लॅप एवढंच घ्या. फिल्म टचअप सुकल्यावर पंधरा दिवसांनी लावा. आणि तुमच्या तिसऱ्या फोटोत, डाव्या हेडलाइटच्या वर बोनेटच्या अगदी दुमडलेल्या कडेला एक टवका आहे, त्याचा तळ मला तांबूस वाटतोय, पण तो लाल मातीचा डागही असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून बघा, नाही गेला तर सुरुवात तिथून करा.